पंधरा मीटर

टेप मी स्वतः धरली होती.
एक टोक शोषखड्ड्याच्या झाकणावर,
दुसरं पिएदादबायच्या विहिरीच्या कठड्यावर.
सोळा मीटर, वीस सेंटिमीटर.
नियमात पंधरा.
वहीत लिहिलं : अंतर पुरेसं.
खाली सही, तारीख, आरोग्य केंद्राचा शिक्का.

शोषखड्डा माझ्याच घरचा,
हे लिहायला रकाना नव्हता.

हळदोण्यात आमची घरं उतारावर.
वर सडा, खाली खाजन,
मधे आम्ही, एकमेकांच्या पायथ्याशी.

ऑगस्टमध्ये बाटली काळी झाली.
तळाशी औषधाची पट्टी, वर तिच्या विहिरीचं पाणी,
केंद्रातल्या फडताळात दोन रात्री.
इतर विहिरींच्या बाटल्या पिवळट, निवांत,
आणि तिची एकटी
डांबरासारखी.
मे महिन्यात हीच विहीर स्वच्छ होती.
तेव्हाही सही माझीच.

माती गाळते, असं शाळेत शिकवलं.
खोटं नाही. खाजनातली चिकणमाती
थेंबाला दारातच बसवून ठेवते,
जंतू वाट बघून बघून उपाशी मरतो.
पण मार्चअखेर तीही तडकते,
पंजा आत जाईल एवढी,
मग तिचा भरवसा नाही.
किनाऱ्याकडच्या जाड रेतीचं तर काय सांगावं :
ओतलं की गेलं.

आमचा जांभा मात्र लबाड.
चिऱ्यावर हात फिरवा, बोटाला गंज लागतो.
त्या गंजाला म्हणे जंतूंची ओढ,
उलट्या विजेची, चुंबकाला टाचण्यांची असावी तशी.
उन्हाळाभर तो त्यांना अंगाशी धरून ठेवतो.
पण धरणं म्हणजे मारणं नव्हे.
पावसाचं पाणी अळणी. ते मुरत खाली आलं
की पकड सैल होते,
आणि जे अडकले होते ते सगळे
एकदम वाटेला लागतात.

शिवाय चिऱ्यात नळ्या.
मुळांनी, वाळवीने, कुणी न मोजलेल्या पाण्याने
कोरलेल्या.
माझा बाप खाणीवर चिरे कापायचा.
चिरा उचलून डोळ्याला लावायचा,
भोकातून पलीकडचं आभाळ दिसलं तर म्हणायचा,
हा भिंतीला चालेल, खड्ड्याला नको.
मी ऐकलं होतं.
खड्ड्याला तोच लावला. गाडीमागे दोनशे वाचले.

शेवटी हिरव्या रंगाची पुडी आणली.
शनिवारी रात्री नऊला, घरचे झोपल्यावर,
माझ्याच संडासात, चोरासारखी, ओतली.
साखळी ओढली.
तीन बादल्या पाणी वरून.
मग अंगणात बसून राहिलो,
पायाखाली काही चालल्याचा आवाज येतो का ऐकत.
येत नाही.

सकाळी आठला, मिसेला जाण्याआधी,
पिएदादबायने कळशी सोडली.
राट कुरकुरला.
"गुणो," तिने हाक मारली,
"हें कितें रे?"
कळशीत पोपटी उजेड होता.
लहान मुलांना आवडला असता.

अकरा तास.
मी बोटं मोजत तिच्याकडे चालत गेलो
आणि सगळं सांगितलं. टेपसकट.
एकाहत्तर वर्षांची बाई.
माझ्या मुंजीला तिच्याच विहिरीचं पाणी आणलं होतं.
ती कठड्याला टेकली, पाण्याकडे बघत राहिली,
मग म्हणाली,
"म्हणून दोन वर्षांत एवढं गोड झालं काय?"
हसली की काय, कळलं नाही.
मला हसता येईना.

वहीत "अंतर पुरेसं" खोडलं.
पुढे काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही.
तुळशीमागचा शोषखड्डा उपसून झाला,
नवा खालच्या बाजूला, आत बारीक माती ठेचून.
जुन्या वाटा कुठे बुजल्या, कुठे नाहीत,
बाटलीच सांगेल. दर पंधरवड्याला भरतो.

तोवर सकाळी नळाच्या दोन कळशा
तिच्या पायरीवर नेऊन ठेवतो.
सोळा मीटर, वीस सेंटिमीटर.
अर्धं मिनिट लागतं.
ती जुन्या सवयीने फडक्यातून गाळते,
एक घोट घेते,
आणि रोज तेच म्हणते :
चव ना रे हाका.